इसार आणि वटाव : अमेरिकेतील कॉलेज-प्रवेशाचा एक हिशेब

पूर्वी आपल्या व्यापारी घरांत चिरंजीव मॅट्रिक झाला की दुसऱ्या दिवशी पेढीवर बसे. फारच हुशार निघाला तर पुण्यास अथवा मुंबईस कॉलेजात जाई. आता दिवस पालटले आहेत. बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या घरांतील मुले-मुली बारावीनंतर थेट अमेरिकेतील विद्यापीठांचे अर्ज भरू लागली आहेत. ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु त्या अर्जांच्या गठ्ठ्यात एक कागद असा असतो की, त्यावर विद्यार्थ्याबरोबर पालकासही सही करावी लागते. आयुष्यभर प्रत्येक करारनाम्याची ओळ न् ओळ वाचणारे आमचे बांधव हा एकच कागद मात्र न वाचता सही करून मोकळे होतात. त्या कागदाने काय मिळते आणि काय हातचे जाते, याचा जमाखर्च मांडण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अर्जाचे तीन मार्ग

अमेरिकेतील महाविद्यालयांत शिरण्याचे साधारणतः तीन मार्ग आहेत. पहिला ‘अर्ली डिसिजन’. हा अर्ज बहुधा १ नोव्हेंबरच्या सुमारास करावयाचा असतो व निकाल डिसेंबरच्या मध्यास लागतो. असा अर्ज एकाच विद्यापीठात करता येतो. प्रवेश मिळाल्यास तो स्वीकारण्याचे आणि अन्यत्र केलेले सर्व अर्ज मागे घेण्याचे वचन विद्यार्थी, पालक व शाळेचा सल्लागार अशा तिघांनी सही करून दिलेले असते. आपल्या भाषेत बोलावयाचे तर हा इसार देऊन पक्का केलेला सौदा. आणि तोही अखेरचा भाव कळण्यापूर्वी केलेला. कित्येक विद्यापीठे याचीच दुसरी फेरी जानेवारीच्या आरंभी घेतात व तिचा निकाल फेब्रुवारीत सांगतात.

दुसरा ‘अर्ली ॲक्शन’. येथे अर्ज लवकर, उत्तरही लवकर, परंतु बंधन नाही. तिसरा नियमित मार्ग. अर्ज जानेवारीच्या सुमारास, उत्तर मार्चअखेरपर्यंत, आणि आपला होकार बहुधा १ मेपर्यंत. हा जांगड मालासारखा व्यवहार होय. सर्व नग घरी आणून, उजेडात पाहून, मग एक ठेवावयाचा.

दोन्ही बाजूंचा स्वार्थ

विद्यापीठास इसार का हवा, हे व्यापाऱ्यास निराळे सांगावयास नको. जागा ठराविक आहेत. प्रवेश दिलेल्यांपैकी किती येतील हे अनिश्चित असते. अर्ली डिसिजनचा विद्यार्थी मात्र हमखास येणारा. म्हणून त्यास झुकते माप मिळते. ॲव्हरी, फेअरबँक्स व झेकहाउझर या तीन संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा लाभ एस.ए.टी. परीक्षेतील सुमारे १०० गुणांच्या तोलाचा असल्याचे दाखविले होते. तथापि विद्यापीठे छापतात त्या कच्च्या टक्केवारीवर विसंबून राहू नये; या लवकरच्या अर्जांत आधीच निवडून ठेवलेले खेळाडूही असतात, त्यामुळे टक्का फुगलेला दिसतो.

आता गुणवत्ता-शिष्यवृत्ती म्हणजे काय ते पाहू. ही घरच्या परिस्थितीवर नव्हे, तर विद्यार्थ्याच्या गुणांवर दिली जाते. तिच्यामागे औदार्य नसते असे आम्ही म्हणत नाही. परंतु तिचा एक उघड हेतू असा की, जो उत्तम विद्यार्थी दुसऱ्या दारी जाऊ शकतो त्याने आपल्या दारी यावे. म्हणजे हा वटाव होय. आणि ज्या गिऱ्हाईकाने आधीच इसार देऊन टाकला त्यास कोणता दुकानदार आपण होऊन वटाव देईल? काही विद्यापीठे अर्ली डिसिजनच्या विद्यार्थ्यांचाही शिष्यवृत्तीसाठी विचार करतात हे खरे. परंतु विद्यार्थ्याच्या हाती तुलना करावयास दुसरे पत्र राहत नाही, हेही तितकेच खरे.

कोठे वटाव आहे, कोठे नाही

हा पेच सर्वत्र सारखा नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया, कॉर्नेल, ब्राऊन, डार्टमथ व पेनसिल्व्हानिया ही ‘आयव्ही लीग’ची आठ विद्यापीठे गुणवत्ता-शिष्यवृत्ती मुळीच देत नाहीत, एम.आय.टी.चेही तसेच. तेथे जे साहाय्य मिळते ते केवळ गरज पाहून. म्हणून तेथे वटाव बुडण्याचा प्रश्न नाही; प्रश्न एवढाच की, त्या एका सहीने अन्यत्र मिळू शकणारी शिष्यवृत्ती आपण सोडून देतो. या आठांपैकी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन यांचा लवकरचा अर्ज बंधनकारक नाही. उरलेल्या पाचांचा आहे.

दुसरा वर्ग निवडक परंतु मोठ्या शिष्यवृत्त्या देणाऱ्यांचा. व्हँडरबिल्टची कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट शिष्यवृत्ती पूर्ण शिक्षणशुल्काची आहे. बोस्टन विद्यापीठाची ट्रस्टी शिष्यवृत्तीही पूर्ण शुल्काची, तर प्रेसिडेन्शिअल शिष्यवृत्ती वर्षास २५,००० डॉलरची. या दोहोंसाठी अर्ज १ डिसेंबरपर्यंत पोचावा लागतो. तिसरा वर्ग अलाबामा विद्यापीठासारख्या राज्य विद्यापीठांचा. तेथे गुणांच्या कोष्टकावरून शिष्यवृत्ती ठरते आणि इसाराची मागणीच नसते.

व्यापारी कुटुंबाची खरी अडचण

अनेक नामांकित खासगी विद्यापीठांत शिक्षणशुल्क, निवास व भोजन मिळून वर्षाचा खर्च आता ९०,००० डॉलरच्या घरात गेला आहे. हिशेबापुरता डॉलर ९० रुपयांचा धरला तर वर्षास ८१ लाख, आणि चार वर्षांस ३ कोटी २४ लाख रुपये. वर्षास २५,००० डॉलरची शिष्यवृत्ती म्हणजे चार वर्षांत याच दराने ९० लाख रुपये. एका सहीचे मोल ते हे.

गरज पाहून दिले जाणारे साहाय्य आपणांस मिळेल काय? परदेशी विद्यार्थ्याने साहाय्य मागितले तरी ते प्रवेशाच्या आड येऊ न देणारी विद्यापीठे थोडी आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एम.आय.टी. व ॲमहर्स्ट ही त्यांत येतात. बहुतेक ठिकाणी मागणी प्रवेशाच्या विरुद्ध तोलली जाते. शिवाय साहाय्याच्या अर्जात धंद्याची मालमत्ताही विचारतात. दुकान, गोदाम, उधारीत अडकलेला पैसा हे सारे कागदावर श्रीमंती दाखविते. पण भांडवल म्हणजे रोकड नव्हे. ते विकावे तर धंदा बसतो. अशा मधल्या कुटुंबास गरजेचे साहाय्य पुरेसे मिळत नाही व पूर्ण खर्चही झेपत नाही. त्यास आधार उरतो तो गुणवत्ता-शिष्यवृत्तीचाच. भारतीय विद्यार्थ्यांसाठी कॉर्नेलमध्ये टाटा विश्वस्तनिधीच्या २००८ च्या देणगीतून चालणारी शिष्यवृत्ती आहे, परंतु तीही गरजेवरच आधारलेली आहे.

आमच्या परिचयातील एका आडत व्यापाऱ्याची हकिकत येथे सांगणे इष्ट वाटते. नाव-गाव सांगत नाही. त्यांच्या कन्येने अर्ली डिसिजनचा अर्ज केला. सल्ला देणाऱ्या गृहस्थांनी सुचविले की, ‘साहाय्य नको’ असे लिहा, म्हणजे प्रवेश सुलभ होईल. तसे लिहिले. डिसेंबरात प्रवेशाचे पत्र आले, घरात पेढे वाटले गेले, आणि रात्री वडिलांनी आकडा मांडला. मिळालेले साहाय्य अपुरे ठरले तर वचनातून मोकळे होण्याची वाट असते. परंतु साहाय्य मागितलेच नव्हते, तेव्हा ती वाटही बंद. अखेर गोदाम गहाण पडले. कन्या तेथे उत्तम शिकत आहे. गोदामाची गोष्ट तिला अद्याप सांगितलेली नाही. धाकटा चिरंजीव यंदा अकरावीत आहे, आणि त्याच्याशी कोणत्या तोंडाने बोलावे हे त्या गृहस्थांस सुचत नाही.

कोणी म्हणेल, सही करून मग माघार घेतली तर कोण दावा लावणार आहे? दावा सहसा कोणी लावीत नाही. पण पत जाते, आणि ती एकट्याची जात नाही. २०२५ साली टुलेन विद्यापीठाने एका विद्यार्थ्याने माघार घेतल्यावर त्याच्या शाळेतील मुलांस वर्षभर अर्ली डिसिजनचे दार बंद केले. दिलेला शब्द मोडण्याचा मार्ग आम्ही आमच्या बांधवांस दाखविणार नाही.

निर्णय कसा करावा

प्रथम, अर्ज भरण्यापूर्वीच्या उन्हाळ्यात आई-वडिलांनी बसून, काही गहाण न ठेवता चार वर्षांत किती रक्कम देता येईल हा आकडा काढावा आणि तो मुलास स्पष्ट सांगावा. ज्या मुलास आपण वही लिहावयास शिकविली, त्यापासून हा आकडा लपविण्यात अर्थ नाही.

दुसरे, विद्यापीठांच्या संकेतस्थळांवरील खर्च-गणकयंत्रे मुख्यतः अमेरिकन नागरिकांसाठी असतात. यास्तव साहाय्य-कार्यालयास पत्र लिहून दोन गोष्टी विचाराव्यात : परदेशी विद्यार्थ्यास गुणवत्ता-शिष्यवृत्ती मिळते काय, आणि अर्ली डिसिजनच्या विद्यार्थ्याचाही तीत विचार होतो काय. २०१९ साली प्रवेश-सल्लागारांच्या राष्ट्रीय संघटनेने, अमेरिकेच्या न्यायखात्याच्या दबावामुळे, अर्ली डिसिजनसाठी खास प्रलोभने देण्यास मनाई करणारा आपला नियम काढून टाकला. तेव्हा कोठे काही सवलत असू शकेल. पण ती तोंडी न धरता लेखी घ्यावी.

तिसरे, आपला आकडा पूर्ण खर्चास पुरत असेल आणि मुलाचे मनही एकाच विद्यापीठावर खरोखर स्थिरावले असेल, तर अर्ली डिसिजन जरूर करावे. तेथे संकोच नको. आकडा पुरत नसेल, तर बंधनमुक्त लवकरचा अर्ज व नियमित अर्ज हाच राजमार्ग. त्यात शिष्यवृत्तीच्या तारखा प्रवेशाच्या तारखांहून आधीच्या असू शकतात, हे विसरू नये. अर्ली ॲक्शनची काही उत्तरे डिसेंबर-जानेवारीत हाती आल्यावर दुसऱ्या फेरीच्या अर्ली डिसिजनचा विचार करता येतो. तेव्हा निदान अंधारात उडी राहत नाही.

चौथे, शिष्यवृत्तीचे पत्र आले तरी बारीक अक्षर वाचावे. किती गुण राखले तर ती चालू राहील? रक्कम चार वर्षे ठराविक आहे काय? शुल्क बहुधा दरसाल वाढते, डॉलरही चढतो. वटाव स्थिर आणि भाव चढता, असा तो हिशेब असू शकतो.

शिष्यवृत्तीस करार जोडलेला असणे ही काही नवी गोष्ट नव्हे. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर; परत आल्यावर संस्थानची नोकरी करण्याचे बंधन त्यांनी लिहून दिले होते. त्या करारात काय मिळणार व काय द्यावयाचे, हे दोन्ही सहीपूर्वी ठरलेले होते. आपल्या मुलांच्या कागदावर सही करताना इतकेच पाहावे, अशी आमची सर्व बंधु-भगिनींस विनंती आहे.