जमिनीलगतच्या स्पोर्ट्स कारचा रेडिएटर आणि त्यापुढे साचणारा पाचोळा : घरच्या घरी स्वच्छता कशी करावी

जमिनीपासून जेमतेम चार-पाच इंचांवर धावणाऱ्या स्पोर्ट्स कारचे नाक रस्त्याला इतके निकट असते की पुढच्या वाहनाच्या चाकांनी उडवलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू त्याच्या वाटेत येते. वाळलेली पाने, प्लास्टिकच्या पिशव्यांचे तुकडे, सिगारेटची थोटके, बारीक खडी आणि असंख्य कीटक बंपरमधील हवेच्या झरोक्यांतून आत शिरतात. आत जाण्याची वाट प्रशस्त असते, बाहेर पडण्याची मात्र नसते. वर्षानुवर्षे हा ऐवज तेथेच साठत राहतो आणि गाडी बाहेरून चकचकीत दिसत असल्याने मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

या दुखण्याचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे पोर्श कंपनीच्या गाड्या. १९६३ मध्ये जगापुढे आलेल्या पोर्श ९११ चे इंजिन मागे असे आणि ते पंख्याच्या हवेने थंड होई. त्या गाडीला रेडिएटरच नव्हता, त्यामुळे तो साफ करण्याचा प्रश्नही नव्हता. १९९६ मध्ये आलेली बॉक्स्टर आणि त्यापाठोपाठ १९९७ मध्ये सादर झालेली ९११ ची ९९६ ही पिढी यांत मात्र इंजिन थंड करण्याचे काम कूलंटकडे आले. बॉक्स्टरमध्ये इंजिन आसनांच्या मागे, ९११ मध्ये त्याहूनही मागे. रेडिएटर मात्र दोन्हींत अगदी पुढे, बंपरच्या दोन कोपऱ्यांत, चाकांच्या पुढ्यात. मधले अंतर गाडीच्या तळाशी टाकलेल्या लांबलचक नळ्या पार करतात. काही प्रकारांत नाकाच्या मध्यभागी तिसरा रेडिएटरही असतो. पुढची जागा सामानासाठी मोकळी राहावी आणि नाक खाली झुकलेले राहावे, यासाठी ही रचना उत्तम आहे. पाचोळा गोळा करण्यासाठीही ती तितकीच उत्तम ठरली, एवढेच तिचे दुर्दैव.

प्रत्येक कोपऱ्यात दोन थर एकापुढे एक उभे असतात. सर्वांत पुढे वातानुकूलन यंत्रणेचा कंडेन्सर, त्याच्या पाठीशी रेडिएटर, आणि रेडिएटरच्या मागे हवा ओढणारा विजेचा पंखा. कंडेन्सर आणि रेडिएटर एकमेकांना पूर्णपणे चिकटलेले नसतात. त्यांच्यामध्ये बोटभरही नसलेली फट असते. कंडेन्सरच्या कडेने निसटलेली पाने आणि माती या फटीत उतरतात व तळाशी दाबून बसतात. झरोक्यातून टॉर्च मारून पाहणाऱ्याला कंडेन्सरचा पुढचा पृष्ठभाग दिसतो. तो बऱ्यापैकी स्वच्छ असला की गाडीमालक निश्चिंत होतो. खरा साठा त्याच्या मागे असतो, आणि पुढून तो दिसण्याची सोय नाही.

रेडिएटरचे कार्य तत्त्वतः साधे आहे. पेट्रोल जळून निर्माण होणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांपर्यंत पोहोचतो, तेवढाच भाग धुराबरोबर बाहेर जातो आणि उरलेली उष्णता मुख्यतः कूलंटच्या वाटेने हवेत सोडावी लागते. कूलंट ॲल्युमिनियमच्या चपट्या नळ्यांतून वाहतो आणि त्या नळ्यांदरम्यान नागमोडी वळवलेल्या अत्यंत पातळ पट्ट्या, म्हणजे फिन, ती उष्णता वाऱ्याला देतात. वेगात धावताना वारा आपोआप मिळतो. गाडी वाहतुकीत खोळंबली की पंखा ती जबाबदारी घेतो. फिनच्या तोंडावर पानांचा थर बसला की तेवढ्या भागापुरते हे काम थांबते.

तथापि पाचोळा काढण्याचे अधिक मोठे कारण उष्णता हे नव्हे. पुरेशा मोठ्या रेडिएटरचा काही भाग झाकला गेला तरी गाडी बरेच दिवस तक्रार न करता चालते. पाने कुजतात, हा त्याहून गंभीर धोका होय. कुजणारा पालापाचोळा स्पंजासारखा ओलावा धरून ठेवतो. त्यातून आम्लधर्मी द्रव्ये झिरपतात आणि ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावरील संरक्षक थर हळूहळू खाल्ला जातो. युरोप-अमेरिकेतील थंड प्रदेशांत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. ते या लगद्यात मिसळले की गंज वेगाने वाढतो. आपल्याकडे हीच भूमिका किनारपट्टीची खारी हवा बजावते. मुंबई, पणजी, चेन्नई वा विशाखापट्टणम येथील मालकांनी म्हणूनच या बाबीकडे अधिक लक्ष दिलेले बरे. झीज बहुधा तळाच्या कोपऱ्यात सुरू होते, कारण ओला साठा तेथेच असतो. एखाद्या दिवशी तेथे सुईच्या अग्राएवढे छिद्र पडते आणि वातानुकूलनाचा वायू किंवा कूलंट बाहेर पडू लागतो. तासाभराच्या स्वच्छतेने जे टळले असते, त्यासाठी मग परदेशातून सुटा भाग मागवावा लागतो.

डॅशबोर्डवरील तापमानाचा काटा याबाबत विश्वासार्ह सल्लागार नाही. चालकाला क्षणोक्षणी चिंता वाटू नये म्हणून अनेक गाड्यांत हा काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. कूलंटचे तापमान बऱ्याच अंशांनी वरखाली झाले तरी तो मधोमध उभा राहतो आणि हलतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. त्यापेक्षा बोलकी लक्षणे निराळी आहेत. सिग्नलवर उभे असताना वातानुकूलन मंद पडणे आणि गाडी वेगात आल्यावर पुन्हा गार हवा येणे, पंखा पूर्वीपेक्षा अधिक वेळ गरजत राहणे, बंपरच्या कोपऱ्याजवळ गोडसर वास येणे अथवा तेथे पांढरट-हिरवट सुकलेले डाग दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास तपासणी पुढे ढकलू नये.

कामाला हात घालण्यापूर्वी गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी. शक्यतो रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी हाती घ्यावी. तापलेल्या यंत्रणेत कूलंट दाबाखाली असतो. त्याचे झाकण उघडल्यास उकळता फवारा अंगावर येतो, आणि स्वच्छतेसाठी ते झाकण उघडण्याची मुळीच गरज नसते. इंजिन बंद असतानाही काही गाड्यांचे पंखे आपोआप सुरू होतात, म्हणून बॅटरीची ऋण तार सोडून ठेवणे श्रेयस्कर. त्यापूर्वी रेडिओचा संकेतांक आपल्याजवळ आहे ना, याची खात्री करावी. जुन्या गाड्यांत बॅटरी जोडल्यावर तो मागितला जातो.

जमिनीलगतच्या गाडीची आणखी एक अडचण म्हणजे नेहमीचा जॅक तिच्याखाली शिरतच नाही. त्यासाठी पुढची चाके आधी जाड लाकडी फळ्यांवर चढवून घेता येतात. जॅक केवळ कंपनीने नेमून दिलेल्या बिंदूवरच लावावा. गाडी उचलल्यानंतर तिचा भार भक्कम स्टँडवर द्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातही घालू नये, मग डोके घालणे तर दूरच. विटांची चळत हा स्टँडला पर्याय नाही. वीट पूर्वसूचना न देता फुटते.

सोपी आणि दरवर्षी करण्याजोगी साफसफाई बंपर न काढताही होते. झरोक्यांतील जाळीदार तुकडे काही गाड्यांत नुसते दाबून बसवलेले असतात, ते अलगद सुटतात. व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीला पुढे अरुंद, लवचिक तुकडा जोडून तो आत सोडावा आणि तळापासून पाने ओढून घ्यावीत. काड्या व पिशव्यांचे तुकडे लांब चिमट्याने निघतात. या टप्प्यावर पाणी वापरू नये. पाण्याने धुळीचा चिखल होतो, पाने फिनना चिकटतात आणि जे सुटे होते ते आत जाऊन घट्ट बसते. आधी कोरडे, नंतर ओले, हा क्रम घाईत बहुतेकांकडून मोडला जातो.

फटीतील साठा काढायचा तर बंपरचे बाह्य आवरण उतरवावे लागते. नाव ऐकून वाटते तितके हे काम भयंकर नाही. पुढचे झाकण उघडल्यावर वरच्या कडेचे, चाकांच्या कमानीतील आणि तळाचे स्क्रू काढायचे, बाजूच्या दिव्यांच्या तारा सोडवायच्या आणि दोघांनी दोन टोके धरून आवरण सरळ पुढे ओढायचे. एकट्याने हा प्रयत्न केल्यास एक टोक फरशीवर आपटते आणि रंगाचा खर्च रेडिएटरच्या खर्चाशी स्पर्धा करू लागतो. लगतच्या रंगीत कडांवर आधी कागदी चिकटपट्टी लावावी. कोणता स्क्रू कोठला याची मोबाइलवर छायाचित्रे काढून ठेवावीत, कारण त्यांची लांबी सारखी नसते.

आवरण निघाल्यावर हवेची प्लास्टिकची वाहिनी काढली की कंडेन्सर समोर येतो. तो काही स्क्रूंच्या आधारे रेडिएटरवर बसवलेला असतो. हे स्क्रू गंजलेले असू शकतात. जोर लावण्यापूर्वी गंज सोडवणारे तेल टाकून थोडा वेळ थांबावे. स्क्रू निघाल्यावर कंडेन्सर जेमतेम दोन बोटे पुढे कलवता येतो. तेवढे पुरेसे असते. त्याच्या नळ्या कोणत्याही परिस्थितीत सोडू नयेत आणि वाकवूही नयेत, कारण त्यांतील वायू दाबाखाली असतो. कंडेन्सर सहज हलत नसेल तर तेथेच थांबून काम कार्यशाळेकडे सोपवणे शहाणपणाचे. दुर्लक्षित गाडीत या फटीतून ओंजळभर काळी, कुजकट माती निघाली तर आश्चर्य मानू नये. तीत एखादे रोप रुजण्याइतका कस असतो.

ही माती व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घेतल्यावर रंगकामाच्या मऊ ब्रशने उरलेला थर झाडावा. ब्रश फिनच्या दिशेने फिरवावा, आडवा नव्हे. या पट्ट्या इतक्या नाजूक असतात की नखाच्या दाबानेही त्या वाकतात, आणि वाकलेली पट्टी म्हणजे पानाइतकाच अडथळा. त्यानंतरच घरच्या नळाला जोडलेल्या रबरी नळीने, बेताच्या धारेने धुवावे. शक्य तेथे पाणी मागून पुढे, म्हणजे हवेच्या प्रवाहाच्या उलट दिशेने जाईल असे पाहावे. कीटकांचे चिकट अवशेष गाडी धुण्याच्या सौम्य शाम्पूच्या पाण्याने भिजवून ठेवल्यास काही मिनिटांत सैल होतात.

गाड्या धुण्याच्या केंद्रांवरील प्रेशर वॉशर येथे पूर्णतः वर्ज्य समजावा. जवळून मारलेली त्याची धार एका क्षणात फिनची संपूर्ण रांग आडवी करते. स्नानगृहाच्या फरश्या साफ करण्याचे आम्लयुक्त द्रावण किंवा स्वयंपाकघरातील तेलकटपणा घालवणारी तीव्र क्षारयुक्त द्रावणेही टाळावीत, कारण ॲल्युमिनियमला आम्ल आणि क्षार दोन्ही सोसत नाहीत. पाचोळा निघाल्यावर धातूवर पांढरी भुकटी, खड्डे किंवा ओलसर डाग दिसले तर ते खरवडण्याचा मोह आवरावा. अनेकदा तो गंजच छिद्र बुजवून बसलेला असतो.

सारे उघडलेले असताना झरोक्यांच्या आतून धातूची काळी जाळी बसवून घेणे हा अनेक मालकांनी अवलंबलेला उपाय आहे. मूळ गाडीतच ती असायला हवी होती, असे म्हणण्यास जागा आहे. मात्र जाळी फार बारीक घेतली तर हवा अडते आणि फार विरळ घेतली तर उपयोग नाही. शिवाय युरोपातील ओक वा मेपलची रुंद पाने जी जाळी अडवते, तिच्यातून आपल्याकडील गुलमोहोराची आणि चिंचेची इवलीशी पाने खुशाल आत जातात. झाडाखाली गाडी उभी करणाऱ्यांनी म्हणून जाळी बसवल्यानंतरही वर्षातून एकदा आत डोकावणे आवश्यक. आपल्या हवामानात त्यासाठी योग्य काळ दोन : पानगळ आटोपल्यावर पावसाळ्याच्या तोंडावर, जेणेकरून कोरडा पाला ओला होण्याआधीच निघेल, आणि पाऊस सरल्यावर, चिखल वाळलेला असताना.

बंपर परत चढवण्याआधी बॅटरी जोडून, हात व साधने दूर ठेवून इंजिन सुरू करावे आणि वातानुकूलन चालू करावे. दोन्ही बाजूंचे पंखे फिरतात का, हे पाहण्याची याहून चांगली संधी पुन्हा येणार नाही. एक पंखा निकामी असेल तर केलेली स्वच्छता निम्मीच उपयोगी पडेल. इंजिन पुरते गरम होऊ द्यावे, नंतर बंद करून जोडण्यांखाली कोरडा पुठ्ठा ठेवावा आणि रात्रभर गाडी तशीच राहू द्यावी. सकाळी पुठ्ठ्यावर रंगीत, गोड वासाचा डाग दिसल्यास तो कूलंट होय. तो तात्काळ पुसून टाकावा, कारण कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉलची चव कुत्र्यांना आवडते आणि त्याची अल्प मात्राही कुत्र्या-मांजरांना प्राणघातक ठरते. पुठ्ठा कोरडा असेल तर स्क्रू आपापल्या जागी लावून बंपर बसवायला हरकत नाही.