इमारतीच्या अंगातील तारा

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले, तेव्हा रायपूर येथे राजधानीसाठी बांधलेली कार्यालये नव्हती. नव्या राज्याचे मंत्रालय दाऊ कल्याणसिंह रुग्णालयाच्या इमारतीत थाटण्यात आले. नोव्हेंबर २०१२ मध्ये ते नव्या रायपुरातील महानदी भवन या वास्तूत गेले, आणि जुन्या इमारतीत २०१८ मध्ये पुन्हा रुग्णालय सुरू झाले. भिंती त्याच राहिल्या, परंतु रुग्णाच्या खाटेजवळ लागणारी साधने आणि कारकुनाच्या टेबलावर लागणारी साधने निराळी असतात. इमारत पिढ्यान्‌पिढ्या टिकते, यंत्रे मात्र काही वर्षांतच बदलतात. मग या दोहोंना जोडणाऱ्या तारा कोणाच्या मानाव्यात, यंत्राच्या की इमारतीच्या?

प्रारंभी त्या यंत्राच्या मानल्या जात. दूरध्वनीची तार वेगळी, संगणकाची वेगळी. १९८० च्या दशकातील अनेक कार्यालयांत एकच समाक्ष केबल सर्व टेबलांजवळून फिरविलेली असे. ती एका ठिकाणी तुटली, की तिच्यावरील सर्वच संगणकांचे दळणवळण थांबे. यंत्र बदलले, की नवी तार ओढावी लागे आणि जुनी तशीच पडून राही. यावर उपाय म्हणून १९९१ साली अमेरिकेत कार्यालयीन तारांसाठी एक मानक प्रसिद्ध झाले. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकही आले.

या पद्धतीचे तत्त्व साधे आहे. प्रत्येक बैठकीच्या जागेपासून एक स्वतंत्र, कायमची केबल त्या मजल्यावरील एका ठरावीक खोलीपर्यंत नेलेली असते. तेथे सर्व केबली एका फळीवर क्रमाने बसविलेल्या असतात. तिला पॅच पॅनेल म्हणतात. मजले परस्परांना बहुधा प्रकाशीय तंतूंच्या केबलीने जोडतात. कर्मचाऱ्याची जागा बदलली, तर भिंत फोडावी लागत नाही. फळीवरील एक आखूड दोरी काढून दुसऱ्या खाचेत लावली, की काम भागते.

केबलीच्या आत तांब्याच्या आठ तारा असतात आणि त्या दोन-दोन अशा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. या पिळाची कल्पना जुनी आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल याने १८८१ मध्येच तिचे एकस्व मिळविले होते. पिळामुळे बाहेरचा विद्युतीय उपद्रव जोडीतील दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो. ग्राहक यंत्र दोन तारांमधील फरक तेवढा वाचते, त्यामुळे दोहोंवर सारखा पडलेला उपद्रव आपोआप वजा होतो. चारही जोड्यांचे पीळ मुद्दाम कमी-अधिक ठेवलेले असतात, म्हणजे शेजारच्या जोड्या एकमेकींना त्रास देत नाहीत. म्हणूनच टोक जोडताना पीळ १३ मिलिमीटरपेक्षा अधिक उकलू नये, असा नियम आहे. कारागिराने सोयीसाठी बोटभर पीळ उकलला, तर तो दोष फळीच्या मागे झाकला जातो. पुढे संगणक कारणावाचून मंदावतो आणि ठपका यंत्रावर येतो.

लांबीलाही मर्यादा आहे. कायमची केबल ९० मीटर आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या मिळून १० मीटर, असे एकूण १०० मीटर अंतर मानले जाते. परंतु हा हिशेब २० अंश सेल्सिअस तापमान गृहीत धरून केलेला असतो. तांबे तापले, की त्यातून जाणारा संदेश अधिक क्षीण होतो: ४० अंशांपर्यंत दर अंशामागे सुमारे ०.४ टक्के, त्यापुढे ०.६ टक्के. रायपूरच्या मे महिन्यात छताखालील बंद पोकळी ४५ अंशांपर्यंत तापली, तर ही वाढ ११ टक्क्यांच्या घरात जाते. अशा वेळी ९० मीटरची केबल १०० मीटरच्या केबलीसारखी वागते. हिवाळ्यात तपासून उत्तम ठरलेली जोडणी उन्हाळ्यात अडखळण्याचे हे एक कारण होय. अशा प्रदेशात केबल सुमारे ८० मीटरच्या आत ठेवणे शहाणपणाचे ठरते.

शेवटची गोष्ट दिसायला अगदी क्षुल्लक आहे: प्रत्येक केबलीच्या दोन्ही टोकांवर एकच क्रमांक लिहिणे आणि त्याची नोंद नकाशात ठेवणे. विद्युतप्रवाहाला त्या क्रमांकाची गरज नसते. परंतु तारा ओढणारा माणूस महिन्याभरात निघून जातो आणि इमारत मागे उरते. पंधरा वर्षांनी एखाद्या खिडकीवर निवृत्तिवेतनाचा अर्ज अडून राहील, तेव्हा शेकडो सारख्या केबलींतून नेमकी ती एक शोधणाऱ्या अनोळखी माणसाला त्या क्रमांकाचाच आधार असेल.