कुलूप उघडल्यानंतर

आमच्या वाईत गेल्या काही वर्षांत एक नवी जमात तयार झाली आहे. चैत्र-वैशाखात ही मंडळी गावातून नाहीशी होतात आणि दिवाळीच्या तोंडावर पुन्हा उगवतात. जाताना बॅगेत भाजणी, मेतकूट आणि इथल्या पेठेतली हळद. येताना बदाम, चॉकलेटं आणि मुलाने ‘बाबा, मला आता होत नाही’ म्हणून दिलेलं जाकीट. अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांना तिथे उतरल्यावर बहुधा सहा महिने राहण्याची मुभा मिळते. तिकिटाला एवढे पैसे मोजलेले असतात की, ही मुभा शेवटच्या आठवड्यापर्यंत वसूल केली जाते. आम्ही उभयता या जमातीत तीनदा सामील झालो आहोत. जाण्याविषयी आजवर पुष्कळ लिहिलं गेलं. परत येण्याविषयी मात्र फारसं कुणी बोलत नाही.

खंबाटकी घाट ओलांडून गाडी सुरूर फाट्याला वळली की, पांडवगड दिसायला लागतो आणि माणूस उगाचच ताठ बसतो. हा आनंद घराच्या दारापर्यंत टिकतो. सबंध पावसाळा बंद राहिलेल्या घराचा एक वास असतो. चामड्याच्या चपलांवर बुरशी, डाळींच्या डब्यांत पोरकिडे, बरणीत मिठाचं पाणी झालेलं, भिंतीवरचं घड्याळ कधीच्या तरी सव्वाचारवर थांबलेलं. बँकेच्या नियमाप्रमाणे खातेदाराने दोन वर्षं स्वतः काहीच व्यवहार केला नाही, तर खातं निष्क्रिय धरतात. घराला एवढा धीर नसतो. ते सहा महिन्यांतच निष्क्रिय होतं, आणि पुन्हा चालू करायला अर्ज व सही पुरत नाही. केरसुणी, फिनेल आणि चार दिवसांचं ऊन लागतं.

एके काळी समुद्र ओलांडून आलेल्याला पंक्तीत घ्यायचं तर आधी प्रायश्चित्त द्यावं लागे. वाई तर वेदशास्त्रांचं गाव. आज ते दंडक गेले, पण प्रायश्चित्त काही सुटलेलं नाही. गॅस, दूध, वर्तमानपत्र, वीजबिल, पाण्याची टाकी, पेन्शनरांसाठी नोव्हेंबरातला हयातीचा दाखला, सगळीकडे आपण आल्याची वर्दी द्यावी लागते. शरीराचंही तसंच. न्यू जर्सी आणि वाई यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं अंतर पडतं. साधारण तासामागे एक दिवस, या हिशेबाने शरीर जागेवर यायला आठवडा-दीड आठवडा जातो. तोवर पहाटे तीन वाजता आम्ही दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर चहा पीत बसतो. तिकडे नातू त्या वेळी संध्याकाळचा खेळायला बाहेर पडलेला असतो, हे दोघांनाही ठाऊक असतं. बोलत कुणीच नाही.

आमची किल्ली शेजारच्या काकूंकडे असते. त्या आमच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. त्यांचे दोन्ही मुलगे पुण्यात. आम्ही येणार त्या दिवशी पिठलं-भाकरी आणि दही झाकून ठेवलेलं असतं. तुळशीला पाणी घातलेलं असतं. काकू सहा महिन्यांचा वृत्तान्त सांगतात. कुणाचं लग्न झालं, कोणत्या वाड्याची भिंत पडली, कुणी वाडा बिल्डरला दिला आणि कोण गेलं. यंदा गेलेल्यांत चार माणसं ओळखीची निघाली. त्यातल्या एकाबरोबर मी रोज सकाळी गणपती घाटावर फिरायला जात असे. तीन महिन्यांनी सांत्वनाला जाणं अवघड असतं. त्या घरातलं रडणं संपलेलं असतं आणि आपलं अजून सुरू व्हायचं असतं.

दुसऱ्या दिवसापासून भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, “मग, आता पुन्हा कधी?” यात कुत्सितपणा अजिबात नसतो. पण आपण आता राहणाऱ्यांत धरले जात नाही, येऊन-जाऊन असणाऱ्यांत धरले जातो, हे त्यातून कळतं. आयकराच्या कायद्यात माणसांचा एक वर्ग आहे : निवासी, पण सामान्य निवासी नव्हे. परदेशातून परतलेल्यांचे अर्ज हाताळताना ही शब्दयोजना मला फार गमतीची वाटे. हल्ली वाटत नाही.

परत येणं म्हटलं की, मला आपल्या साताऱ्याचे रंगो बापूजी गुप्ते आठवतात. १८३९ साली इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केलं, तेव्हा महाराजांची बाजू मांडायला ते लंडनला गेले. काही महिन्यांचं काम म्हणावं, तर मुक्काम झाला सुमारे चौदा वर्षांचा. दरम्यान १८४७ मध्ये महाराज काशीला वारले आणि १८४८ मध्ये सातारचं राज्य खालसा झालं. रंगो बापूजी परतले तेव्हा ज्यांच्यासाठी गेले ते धनी नव्हते आणि ज्याच्यासाठी भांडले ते राज्यही नव्हतं. पुढे १८५७ च्या उठावात त्यांच्या मुलाला फाशी झाली आणि ते स्वतः नाहीसे झाले, ते कायमचेच. आपल्या सुखाच्या सहलीशी या माणसाच्या दुःखाची तुलना करण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. एवढंच की, ज्या गावातून आपण निघतो, ते गाव परतीपर्यंत आपल्यासाठी थांबलेलं नसतं, हे त्यांच्याइतकं क्वचितच कुणाला कळलं असेल.

वाईपासून कोसभरावरच्या मेणवलीत ‘स्वदेस’ या २००४ च्या चित्रपटाचं चित्रीकरण झालं. अमेरिकेतला तरुण शास्त्रज्ञ गावी परततो, ही त्याची कथा. नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा तो घाट पाहायला आजही लोक येतात. तरुण परत आला की त्याची कथा होते. सत्तरीकडे झुकलेलं जोडपं परत आलं, तर ‘मुलाकडे जमलं नाही वाटतं’ एवढीच कुजबूज होते.

खरा प्रश्न यापुढचा आहे आणि तो आता आमच्याही घरात येऊन बसला आहे. मुलगा तिथला नागरिक झाला. तो म्हणतो, “दरवर्षी हे दमवणारे प्रवास कशाला? ग्रीन कार्ड करून टाकू.” नागरिकांच्या आईवडिलांना त्यासाठी वार्षिक कोट्याची रांग नाही, हे खरं. पण कागद नीट वाचायची सवय जन्मभराची. व्हिसावर गेलेल्याने मुदतीत भारतात परतावं, ही अट असते. ग्रीन कार्डवाल्याचं उलट. तो आगाऊ परवाना न घेता सलग वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिला, तर त्या कार्डावर पुन्हा आत शिरता येत नाही. म्हणजे सही केली की ‘परत’ या शब्दाचं तोंडच फिरतं. मग वाईला जायचं ते पाहुणा म्हणून आणि परतायचं ते न्यू जर्सीला.

पत्नीचं म्हणणं वेगळं आहे आणि ते मला खोडता येत नाही. तिचे गुडघे जिन्याला कंटाळले आहेत. पाहुण्यांसाठी तिकडे जो आरोग्यविमा मिळतो, त्यात जुनी दुखणी बहुधा धरत नाहीत. म्हणून आजाराची भीती घेऊन सहा महिने काढायचे. इथे रात्री-अपरात्री काही झालं, तर धावून येणाऱ्या काकू स्वतः काठी घेऊन चालतात. ती म्हणाली, “घर राखायला आपण इथे राहायचं, आणि आपल्याला कोण राखणार?”

पंधरा दिवस आम्ही यावर बोललो. भांडलोही. शेवटी फोनवर मुलाला दोघांनी मिळून सांगितलं. घर तूर्त विकायचं नाही, कार्डाचा अर्जही दोन वर्षं करायचा नाही. खालच्या मजल्यावर झोपायची खोली आणि कमोड करून घ्यायचा. आणि येणं-जाणं एकाच बाजूने व्हायचं नाही. नातवाच्या शाळेची मोठी सुट्टी जून अखेर ते ऑगस्ट. म्हणजे आपला भर पावसाळा. त्याने महिनाभर इथे यायचं. मुलगा गप्प झाला. मग म्हणाला, “त्या पावसात तो काय करील?”

करील की. रास्त्यांनी १७६२ साली बांधलेलं ढोल्या गणपतीचं देऊळ पाहील. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती का, हे पुस्तकातून समजत नाही. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर येऊन दोन्हीकडे फाकतं आणि देऊळ जागेवर राहतं. ते त्याने एकदा डोळ्यांनी पाहिलं, तर उद्या आम्ही असलो-नसलो, तरी परत यायला त्याच्याकडे काही कारण राहील. किल्ली कुणाकडे असते, तेही तोवर त्याला दाखवून ठेवू.