धीर धरणाऱ्यांचा हिशेब

पवनचक्क्या बनवणाऱ्या सुझलॉनचा शेअर बाजारात नोंदला गेला त्याला ऑक्टोबर २०२५ मध्ये वीस वर्षे झाली. त्याच वर्षी जूनमध्ये प्रवर्तक तांती कुटुंब आणि संबंधितांनी सुमारे १,३०० कोटी रुपयांचे शेअर एका झटक्यात मोठ्या सौद्यांत विकले आणि त्यांचा हिस्सा बारा टक्क्यांच्याही खाली आला. विकण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता, त्यात बेकायदा काही नव्हते. खटकला तो त्यानंतर छोट्या भागधारकाला दिला गेलेला सल्ला: घाबरू नका, धीर धरा, लांबचा पल्ला बघा. हा सल्ला तो वीस वर्षे ऐकतो आहे, आणि नुसता ऐकत नाही, पाळतोही आहे. या कंपनीचे आज पन्नास लाखांहून अधिक भागधारक आहेत आणि त्यातल्या छोट्यांकडे मिळून कंपनीचा जवळपास चौथा हिस्सा आहे, म्हणजे प्रवर्तकांच्या दुपटीहून जास्त. एवढ्या माणसांच्या धीराचे वीस वर्षांत काय झाले, हे एकदा आकड्यांनिशी बघायला हवे. माझे म्हणणे असे की धीर कुठेही कमी पडला नाही. त्या धीराचे मोल त्याच माणसांच्या पदरात पडेल अशी तजवीज मात्र कधीच केली गेली नाही.

सुरुवातीची दहा वर्षे भराभर ओलांडता येतात. गुजरातेत कापडधंदा करताना विजेच्या बिलाने मेटाकुटीला आलेल्या तुलसी तांतींनी स्वतःच्या गिरणीसाठी दोन पवनचक्क्या घेतल्या, मग १९९५ मध्ये पवनचक्क्या बनवण्याचीच कंपनी काढली आणि पुण्यात बस्तान बसवले. पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावर ३५० किलोवॉटची यंत्रे रांगेने उभी राहिली. त्या काळी पवनचक्की विकत घेणारा बहुतेकदा नफ्यातला उद्योजक असे आणि पहिल्याच वर्षी मिळणारा, आधी १०० आणि पुढे ८० टक्के, घसारा हे त्याचे मोठे आकर्षण असे. कर वाचला की त्याचे निम्मे काम झाले. यंत्र किती वर्षे किती वीज देईल याची खरी परीक्षा पुढेच होती. अशा अवस्थेत, २००५ मध्ये, दहा रुपये दर्शनी किमतीचा शेअर ५१० रुपयांना लोकांना विकला गेला. आयपीओच्या कागदांत जोखमींची यादी होती, पण तंत्रज्ञान तरुण आहे, त्याचे दोष अजून दिसायचेच आहेत, ही गोष्ट घेणाऱ्याला कुणी सरळ भाषेत समजावली नाही.

पुढची तीन वर्षे वरातीसारखी गेली. २००६ मध्ये बेल्जियमची गिअरबॉक्स बनवणारी हॅन्सन घेतली. २००७ मध्ये जर्मनीच्या आरईपॉवर या पवनचक्की कंपनीसाठी फ्रान्सच्या अरेव्हाशी चढाओढ लागली आणि बोली शेअरमागे १५० युरोंपर्यंत गेली. भारतीय कंपनी युरोपात जाऊन खरेदी करते याचे अप्रूप इतके होते की ही खरेदी कुणाच्या कर्जावर चालली आहे हा प्रश्न बाजूला पडला. त्या कर्जाचा मोठा भाग परकीय चलनातल्या परिवर्तनीय रोख्यांचा होता: भाव चढला तर रोख्यांचे शेअर होणार, पडला तर डॉलर परत करावे लागणार. जानेवारी २००८ मध्ये एका शेअरचे पाच झाले आणि त्या नव्या, दोन रुपयांच्या शेअरचा भावही साडेचारशेच्या घरात होता.

त्यानंतरच्या बारा वर्षांबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण धीर म्हणजे काय हे त्या काळात कळले. सुरुवात पात्यांपासून झाली. अमेरिकेत विकलेल्या २.१ मेगावॉटच्या यंत्रांच्या पात्यांना भेगा पडू लागल्या. हे पाते म्हणजे काचतंतू आणि राळ यांची चव्वेचाळीस मीटर लांब, आतून पोकळ वस्तू. ते मिनिटाला पंधरा-सतरा फेऱ्या मारते आणि प्रत्येक फेरीत त्याच्यावरचा ताण वर-खाली होतो. अखंड फिरले तर वर्षाला ऐंशी लाखांच्या आसपास हेलकावे होतात. आकारात किंवा थरांच्या जोडणीत कुठे उणीव राहिली असेल तर कारखान्यातून निघताना ती दिसत नाही. हिवाळे-उन्हाळे झेलल्यावर एक रेघ उमटते आणि लांबत जाते. १,२५१ पाती मजबूत करून देण्याचे काम कंपनीला अंगावर घ्यावे लागले, आणि एका मोठ्या अमेरिकन ग्राहकाने पुढची १५० यंत्रे घेण्यास नकार दिला. २००८ मध्येच जगाचा पतपुरवठा आटला. मार्च २००९ पर्यंत शेअर पन्नास रुपयांच्या खाली होता.

तरुण तंत्रज्ञानाचा हा स्वभावच आहे, त्याबद्दल कुणाला दोषी धरता येत नाही. डेन्मार्क, जर्मनी, अमेरिका, सगळीकडे पाती मोडली आहेत. दोष शोधायचा, दुरुस्त करायचा, पुढचे यंत्र त्याहून बरे करायचे, याला वर्षे लागतात आणि ती वर्षे कुणाच्या तरी पैशावर काढावी लागतात. सुझलॉनमध्ये तो पैसा भागधारकाचा होता. बँकांकडे तारण होते, रोखेधारकांकडे करार आणि वकील होते. ऑक्टोबर २०१२ मध्ये २० कोटी डॉलरहून अधिक रकमेचे रोखे कंपनीला फेडता आले नाहीत, तेव्हा रोखेधारक वाटाघाटीला बसले. जानेवारी २०१३ मध्ये सुमारे साडेनऊ हजार कोटींच्या कर्जाची फेररचना झाली, तेव्हा बँका टेबलाच्या एका बाजूला होत्या. छोट्या भागधारकाकडे टपालाने मतपत्रिका आली. २०१२-१३ मध्ये कंपनीला ४,७२४ कोटींचा तोटा झाला. ज्या आरईपॉवरसाठी कर्ज काढले तिच्या तिजोरीत पैसा होता, पण तिच्या धनकोंच्या अटींमुळे तो भारतात आणता येत नव्हता. सरकारने एप्रिल २०१२ पासून वेगवान घसारा काढून घेतला आणि देशात वर्षाला नव्याने उभी राहणारी पवनक्षमता ३,२०० मेगावॉटच्या आसपास होती ती १,७०० वर आली.

या काळात छोटा भागधारक का थांबला, याचे सोपे उत्तर ‘लोभ’ असे दिले जाते. मला ते मान्य नाही. शंभर रुपयांची वस्तू वीसवर आल्यावर विकणे म्हणजे तोटा स्वतःच्या सहीने कबूल करणे, आणि तो कबूल करण्याइतकी माहिती त्याच्याकडे नव्हती. ऑर्डर मिळाल्याची बातमी दर महिन्याला येई. त्या ऑर्डरवर किती नफा, खेळते भांडवल कुठून येणार, हे त्याला कळत नसे. पुण्यात हडपसरला ‘वन अर्थ’ नावाचे भव्य मुख्यालय डोळ्यांसमोर उभे होते. ज्यांची एवढी वास्तू त्यांचा धंदा बुडणार नाही, असे वाटणे स्वाभाविक होते. (ती वास्तू अखेर २०२४ मध्ये ४४० कोटींना विकली गेली आणि कंपनी तिथेच भाड्याने राहिली.) मग माणूस खालच्या भावात आणखी थोडे घेऊन सरासरी खाली आणतो, आणि ज्या जोखमीतून बाहेर पडायला हवे तीच वाढवून बसतो.

२०१५ मध्ये आरईपॉवर, तोवर जिचे नाव सेनव्हिऑन झाले होते, एक अब्ज युरोंना विकून टाकली. त्याच वर्षी औषध उद्योजक दिलीप संघवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ रुपयांच्या भावाने १,८०० कोटी रुपये घालून सुमारे २३ टक्के हिस्सा घेतला. कंपनीला त्या पैशाची गरज होती आणि कंपनी त्यावर तगली, हे नाकारणार नाही. पण तेव्हा बाजारभाव १८ रुपयांच्या वर होता, आणि नव्या गुंतवणूकदाराला ज्या भावाने प्रवेश मिळाला त्या भावाने दहा वर्षे थांबलेल्या जुन्या भागधारकाला एकही शेअर देऊ केला गेला नाही. त्याच्यासाठी खुला देकार होता, तोही १८ रुपयांनाच, म्हणजे फक्त बाहेर पडण्याचा. या दोन दारांतला फरक माझ्या दृष्टीने साऱ्या गोष्टीचे मर्म आहे. पुढे २०१७ मध्ये पवनवीज लिलावाने घेण्याची पद्धत आली; फेब्रुवारीत युनिटला ३.४६ रुपये निघालेला दर डिसेंबरात गुजरातेत २.४३ वर उतरला. विजेच्या ग्राहकाला आणि देशाला ते हवेच होते, पण स्वस्ताईची किंमत यंत्र बनवणाऱ्यांनी मोजली. २०१९ मध्ये १७ कोटी डॉलरचे रोखे पुन्हा थकले. मार्च २०२० मध्ये शेअर दोन रुपयांच्या खाली होता.

१ ऑक्टोबर २०२२ रोजी तुलसी तांती गेले. दहाच दिवसांनी, ११ ऑक्टोबरला, कंपनीची १,२०० कोटींची हक्कभाग विक्री उघडली: दर २१ शेअरमागे ५, भाव पाच रुपये, निम्मे अर्जाबरोबर आणि निम्मे नंतर. संस्थापक नाही, सतरा वर्षांत गाठीला काही लागलेले नाही, आणि तरी मागणी देऊ केलेल्या शेअरपेक्षा जास्त आली. कर्ज उतरले. २०२४-२५ मध्ये २,०७२ कोटींचा नफा झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये भाव ८६ रुपयांपर्यंत गेला आणि सगळीकडे लिहिले गेले की धीराला फळ आले.

ते फळ हातात घेऊन बघू. २००५ मध्ये ५१० रुपयांनी वीस शेअर घेतलेल्या माणसाचे १०,२०० रुपये गेले. विभाजनानंतर त्याचे शंभर शेअर झाले, म्हणजे दर शेअर १०२ रुपयांना पडला. हक्कभागात त्याला २३ शेअर मिळाले, ११५ रुपयांत. भाव ८६ असताना, म्हणजे पुनरुत्थानाच्या शिखरावर, त्याच्या १२३ शेअरचे मोल १०,५७८ रुपये होते. एकोणीस वर्षांत अडीचशे-तीनशे रुपये, आणि सुरुवातीच्या वर्षांतला थोडा लाभांश. ज्याने पाच रुपयांचे शेअर घेतले नाहीत तो शिखरावरही तोट्यातच होता. हेच पैसे सात टक्क्यांच्या ठेवीत असते तर छत्तीस हजारांच्या वर गेले असते. आणि कंपनी? २००८ च्या तेजीत तिचे बाजारमूल्य सत्तर हजार कोटींच्या आत होते. २०२४ मध्ये ते एक लाख कोटींपार गेले. कंपनी पूर्वीपेक्षा मोठी झाली आणि तिचा पहिला भागधारक होता तिथेच राहिला, याचे कारण शेअरच्या संख्येत आहे. आयपीओनंतर आजच्या हिशेबाने सुमारे १४४ कोटी शेअर होते, आज ते १,३५० कोटींहून अधिक आहेत. रोख्यांचे शेअर झाले, कर्जाच्या बदल्यात बँकांना शेअर गेले, नव्या भागीदाराला गेले, संस्थांना गेले. प्रत्येक वेळी जुन्याचा वाटा पातळ झाला.

यावर पहिला आक्षेप असा येईल की शेअर म्हणजे जोखीम. ठेवीशी तुलना कशाला? मान्य. जोखीम घेणाऱ्याचे पैसे बुडू शकतात, हा करारच आहे. पण त्या कराराची दुसरी बाजू अशी की कंपनी तरली तर जोखीम घेणाऱ्याला वरचा वाटा मिळावा. इथे कंपनी तरली आणि वरचा वाटा शेवटच्या टप्प्यात, दोन-पाच रुपयांत शिरलेल्यांना मिळाला. त्यांनीही धोका पत्करला होता, त्यांचा नफा त्यांना लखलाभ. मात्र तो जुन्यांच्या धीराचा पुरावा म्हणून दाखवू नये. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: त्या पडत्या काळात आधीच्या भागधारकाला विचारत बसले असते तर कंपनी बुडाली असती. याला उत्तर डेन्मार्कच्या वेस्टास या पवनचक्की कंपनीने दिले आहे. तीही २००८ च्या शिखरावरून कोसळली, २०१२ मध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक मोल गमावून बसली. तिथे मुख्याधिकारी बदलले, कारखाने विकले, कारखाने बंद केले, आणि नवे शेअर २०१४ मध्ये काढले ते भांडवलाच्या सुमारे दहा टक्के. २०२१ मध्ये भाव जुन्या शिखराच्या दुपटीवर गेला तेव्हा थांबलेल्याच्या पानातही वाढले गेले. सुझलॉनवरचा कर्जाचा डोंगर वेगळा होता हे खरे, पण तो डोंगर रचताना छोट्या भागधारकाला कुणी विचारले नव्हते.

त्याच डेन्मार्कात कोपनहेगनसमोरच्या समुद्रात मिडलग्रुंडेनच्या वीस पवनचक्क्या आहेत, ४० मेगावॉटच्या. त्यातल्या दहा चक्क्या आठ हजारांहून अधिक सामान्य माणसांच्या सहकारी संस्थेच्या आहेत. त्यांनी पैसे घातले ते थेट चक्कीत. किती वीज झाली ते त्यांना कळते आणि प्रत्येकाला एक मत आहे. साखर कारखान्याचा सभासद ज्या मुलखात घराघरांत आहे तिथे ही कल्पना परकी वाटायला नको. तरी साताऱ्याच्या आणि धुळ्याच्या पठारांवर जे उभे राहिले ते कर वाचवणाऱ्यांचे होते, आणि सामान्य माणसाच्या वाट्याला फक्त शेअरचा भाव आला.

आता आपल्याकडे हायड्रोजन, बॅटरी, सौरपट्ट्या अशा नव्या कंपन्या बाजारात रांग लावून आहेत आणि प्रत्येकीला धीराचे गिऱ्हाईक हवे आहे. संचालक मंडळात आपला माणूस बसवायला त्या गिऱ्हाइकाला नवा कायदाही लागणार नाही, एक जुनाच पडून आहे. कंपनी कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या संचालक मंडळावर छोट्या भागधारकांनी निवडलेला एक संचालक असू शकतो. दर्शनी किमतीने वीस हजार रुपयांपर्यंतचे शेअर ज्याच्याकडे तो छोटा, म्हणजे सुझलॉनमध्ये दहा हजार शेअरपर्यंतचा प्रत्येक जण. हा प्रस्ताव पुढे करायला एक हजार छोट्या भागधारकांची नोटीस पुरते.