पोरांची थट्टा

बोदवडसारख्या तालुक्याच्या गावी नववी-दहावीच्या मुलांच्या तोंडी एक शब्द सहज येतो: ‘बायल्या’. एखाद्याचा आवाज नाजूक असला, कबड्डीत त्याचे मन रमत नसले, की तो शब्द त्याला चिकटलाच म्हणून समजा. आपण वडीलधारी माणसे म्हणतो, ‘पोरांची थट्टा आहे, चालायचेच!’ आज या थट्टेविषयीच थोडे बोलावयाचे आहे.

या शब्दात दोन गोष्टींची गल्लत होते. बोलण्याचालण्याची ढब निराळी. आणि पुरुषास पुरुषाविषयी किंवा स्त्रीस स्त्रीविषयी वाटणारी ओढ, म्हणजे समलैंगिकता, ती निराळी. नाजूक बोलणारा मुलगा समलिंगी असेलच असे नाही. आणि कबड्डीतला पट्टीचा गडी तसा नसेलच, असेही नाही. मग वर्गात हसे होते तेव्हा ते नेमके कोणाला लागते, हे हसणाऱ्यांना कसे कळावे? ज्याला लागते, तो कित्येकदा मागच्या बाकावर गप्प बसलेला असतो. कधी तर तोही सर्वांबरोबर हसतो.

मुलांना विचारा, ती म्हणतील, ‘हा रोग आहे.’ जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकता रोगांच्या यादीतून काढली. कोणी म्हणेल, ‘हा गुन्हा आहे.’ इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंड संहितेत ३७७ वे कलम होते खरे. पण प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना ते लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. आणि ‘हे परक्यांचे खूळ’ म्हणाल, तर विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ आठवा. १९८१ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाची नायिका मराठी कॉलेजातलीच मुलगी आहे. तिचे मन जाणणारा एक मित्र तिला लाभतो, तरी शेवटी ती जीव गमावते.

मुलांचा यात फार दोष नाही. २००७ साली महाराष्ट्रात शाळांतील लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर बंदी आली. घरी हा विषय निघत नाही. मग मुले शिकणार कोठे? एकमेकांकडून, आणि अलीकडे मोबाईलवर. तीच समजूत घेऊन ती आमच्या महाविद्यालयात येतात. तेथे निदान नियम तरी आहे: विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली लैंगिक कलावरून होणारा छळ रॅगिंगमध्ये धरला. पण तोवर शाळेची वर्षे सरलेली असतात.

तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, यासाठी मोठे व्याख्यान द्यावयास नको. तो शब्द कानी पडला, की फळ्याकडून वळा आणि शांतपणे सांगा, ‘या वर्गात असे कोणी कोणाला म्हणावयाचे नाही.’ आपण गप्प राहिलो, तर मुले त्याचा अर्थ ‘गुरुजींनाही हे मान्य आहे’ असाच घेतात. आणि आपण बोललो, तर मागच्या बाकावरच्या त्या एकाला कळते, की अडचण सांगावयास या शाळेत एक माणूस आहे.