चाळीस यार्डांत किती खेळाडू कळतो?

अमेरिकन फुटबॉलमध्ये ‘वाइड रिसीव्हर’ नावाची जागा असते. काम ऐकायला सोपं आहे: धावत सुटायचं, अंगावर आलेल्या बचावपटूला चुकवायचं आणि हवेतून आलेला चेंडू झेलायचा. कॉलेजातून व्यावसायिक संघात जाऊ पाहणाऱ्या, विशीतल्या मुलांची दरवर्षी इंडियानापोलिसला मोजणी होते. तिला ‘कंबाइन’ म्हणतात. वजन, उंची, हाताची लांबी, उडी, धाव, सगळं मोजतात. मग संघ क्रमाने खेळाडू निवडतात. पहिल्या करारात किती पैसे मिळणार हे 2011 पासून बरंचसं याच क्रमांकावर ठरतं. म्हणजे सेकंदाचा दहावा भाग इकडेतिकडे झाला तर कोट्यवधींचा फरक पडू शकतो. म्हणून मोजणारे नेमकं काय मोजतात ते बघू या.

सगळ्यात गाजणारी चाचणी म्हणजे 40 यार्डांची, म्हणजे 36.58 मीटरची धाव. 2024 मध्ये झेवियर वर्दीने ती 4.21 सेकंदांत पूर्ण केली, हा कंबाइनमधला विक्रम. त्याआधीचा विक्रम 4.22 चा होता, जॉन रॉसचा, 2017 मधला. आता या दोन आकड्यांतला 0.01 सेकंदाचा फरक खरा मानायचा का? कंबाइनमध्ये घड्याळाचा शेवट लेझर पकडतो, पण सुरुवात माणूस करतो: खेळाडू हललेला दिसला की बटण दाबतो. माणसाच्या डोळ्या-बोटाची चूक 0.01 पेक्षा सहज मोठी असते. शिवाय ऑलिंपिकसारखी बंदूक नसते, मुलगा मनात येईल तेव्हा सुटतो, त्यामुळे प्रतिक्रियेचा वेळ मोजलाच जात नाही. म्हणून या वेळांची तुलना धावपटूंच्या वेळांशी करू नका. टीव्हीवाले करतात, ते सोडा.

आता ताकद. 225 पाउंडांचा, म्हणजे सुमारे 102 किलोंचा बार आडवं झोपून किती वेळा उचलला ते मोजतात. इथे मला दोन अडचणी दिसतात. एक, वीस-पंचवीस वेळा उचलणं ही कमाल ताकदीपेक्षा स्नायूंच्या दमाची परीक्षा जास्त आहे. दोन, ज्याचे हात लांब त्याला बार जास्त अंतर हलवावा लागतो, म्हणजे प्रत्येक वेळी जास्त काम. आणि रिसीव्हरला लांब हात तर हवेच असतात! एकाच मोजणीत गुण असलेली गोष्ट दुसरीत ओझं होते.

रिसीव्हरची उपयोगी ताकद पायांत असते आणि ती उभ्या उडीत बरी दिसते. डीके मेटकाफ 2019 मध्ये 228 पाउंडांचा (103 किलो) होता, उडी 40.5 इंच. वर्दी 165 पाउंडांचा (75 किलो), उडी 41 इंच. उडी जवळपास सारखीच. पण स्वतःचं वजन तेवढं उचलायला मेटकाफला साधारण 1,040 जूल लागतात आणि वर्दीला 760. उंची तीच, इंजिन वेगळं.

हेच धावेलाही लावता येतं. बिल बार्नवेल या लेखकाने चेंडू घेऊन धावणाऱ्या ‘रनिंग बॅक’साठी एक सूत्र मांडलं: वजन गुणिले 200, भागिले वेळेचा चौथा घात. हा भौतिकशास्त्राचा नियम नव्हे, वजन आणि वेळ एका आकड्यात आणायची सोय आहे. गंमत म्हणून रिसीव्हरना लावलं तर 4.33 सेकंदवाल्या मेटकाफला सुमारे 130 मिळतात, वर्दीला 105. पण तोच मेटकाफ तीन शंकूंभोवती वळत धावण्याच्या चाचणीत 7.38 सेकंदांवर गेला. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी, ज्याला कोणी चपळ म्हणणार नाही, त्याने 2000 मध्ये हीच चाचणी 7.20 मध्ये केली होती. यात नवल नाही: जितकं वजन आणि वेग जास्त, तितकी गतिज ऊर्जा वळताना, थांबताना जिरवावी लागते. संघ बिचकले, मेटकाफ 64 व्या क्रमांकावर गेला. दुसऱ्याच वर्षी, 2020 च्या हंगामात, त्याने 1,303 यार्ड कमावले.

याच्या उलटी जोडी 2017 ची. रॉस नवव्या क्रमांकावर निवडला गेला आणि पहिल्या हंगामात (दुखापतीही होत्या) त्याच्या नावावर एकही झेल नव्हता. त्याच वर्षी 4.62 सेकंद घेणारा कूपर कप 69 वा गेला. वरच्या सूत्रात त्याला जेमतेम 90 मिळतात. 2021 च्या हंगामात त्याने 145 झेल आणि 1,947 यार्ड घेऊन लीगमध्ये दोन्हींत पहिला क्रमांक मिळवला.

मग वेग निरुपयोगी आहे का? नाही, आणि इथे संख्याशास्त्राचा एक सापळा आहे. कुझमिट्स आणि अ‍ॅडम्स यांनी 2008 मध्ये तपासलं तेव्हा रनिंग बॅकच्या धावेचा अपवाद वगळता कंबाइनचे आकडे आणि पुढची कामगिरी यांत सातत्याने संबंध सापडला नाही. पण कंबाइनला बोलावतातच निवडक मुलांना. सगळेच वेगवान असलेल्या गटात वेगाचा परिणाम शोधला तर तो फिका दिसणारच. त्यात आणखी एक मेख: 4.62 वाला मुलगा तिथवर पोचला तो बहुधा दुसरं काहीतरी फार चांगलं येत होतं म्हणूनच. म्हणजे निवड झाल्यावर संथ मुलं कौशल्यात सरस दिसतात, सगळ्या मुलांत तसं नसलं तरी.

आता खेळाडूंच्या खांद्यावरच्या पॅडमध्ये चिप असते, सेकंदाला दहा वेळा जागा नोंदवते. सामन्यातला खरा वेग, आणि झेलताना जवळचा बचावपटू किती यार्ड लांब होता, तेही कळतं. 2020 मध्ये मेटकाफने एका बचावपटूचा पाठलाग करताना ताशी 36.4 किलोमीटर गाठले ते असंच मोजलं गेलं. पुढच्या मे महिन्यात तो खऱ्या धावपटूंबरोबर 100 मीटर धावला. 10.4 सेकंदांच्या आत आला, आणि आपल्या शर्यतीत शेवटचा ठरला.