हरल्याचं खापर कुणाच्या माथी?

दूध उतू गेलं की घरात पहिला प्रश्न येतो, "ओट्याशी कोण होतं?" गॅस मोठा कुणी केला, पातेलं लहान कुणी घेतलं, ऐन वेळी दारावरची घंटा कुणी वाजवली, याची चौकशी होत नाही. जिचा हात पातेल्याजवळ, ती दोषी! मैत्रिणींनो, फुटबॉलच्या मैदानावरचा न्यायही अगदी असाच असतो.

पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीशी कान द्या, नाहीतर मोठ्या सामन्यानंतर आपल्याच बैठकीच्या खोलीत बसा. "गोलकीपर झोपला होता का?" "त्याला खेळवलाच कशाला?" एरवी एकमेकांचं न पटणारे बापलेक त्या दिवशी मात्र एकमुखाने बोलत असतात! आणि हे बोलणं आता दूरच्या कोलकात्याबद्दल किंवा गोव्याबद्दलच असतं असं नाही. पावण्याहून नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम फार लांब नाही. २०१७ साली तिथे सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने झाले, आणि ३० ऑक्टोबर २०२२ रोजी त्याच वयोगटातल्या मुलींचा अंतिम सामना.

नेरूळचा तो एक गोल

सामना होता स्पेन आणि कोलंबिया यांच्यात. फिफाच्या कोणत्याही विश्वचषकाची अंतिम फेरी गाठणारा कोलंबियाचा हा पहिलाच संघ. ऐंशी मिनिटं झाली तरी गोल नाही. ब्याऐंशीव्या मिनिटाला कोलंबियाच्या गोलसमोर गडबड उडाली आणि आना मारिया गुझमान या बचावपटूकडून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला. स्पेन १, कोलंबिया ०. चषक स्पेनला.

पोर सतरा वर्षांची. म्हणजे आपल्याकडे बारावीला असते तेवढी.

आता सांगा, सामना हिने घालवला का? नव्वद मिनिटांत कोलंबियाच्या एकाही मुलीला गोल करता आला नाही, त्याचा हिशेब कुणी मांडायचा? त्याच स्पर्धेत साखळीतही स्पेनने कोलंबियाला १-० असंच हरवलं होतं, आणि तिथे स्वयंगोल नव्हता. पण फुटबॉलमध्ये गोल मोजकेच होतात, म्हणून जो होतो तो डोळ्यांत भरतो आणि त्याला शेवटचा पाय ज्याचा लागला त्याचं नाव कायमचं चिकटतं.

आणखी एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. स्वयंगोल बहुतेक वेळा कुणाकडून होतो? जो जिवाच्या आकांताने मागे धावत आला, चेंडूच्या आड पडला, त्याच्याकडून. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला जो स्वस्थ उभा असतो, त्याच्याकडून तो होण्याचं कारणच नाही. घरातही तसंच नाही का? जी काम करते तिच्याच हातून कपबशी फुटते.

बोल लावण्याची मजल

"खेळ म्हटला की लोक बोलणारच," असं आपण म्हणतो. पण ही मजल कुठवर जाते पाहा. कोलंबियाचाच आंद्रेस एस्कोबार. २२ जून १९९४ रोजी विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध समोरून आलेला चेंडू अडवायला त्याने पाय लांबवला आणि स्वयंगोल झाला. संघ २-१ असा हरला. दहा दिवसांनी, २ जुलैला, त्याच्याच मेडेयीन शहरात त्याला गोळ्या घालून मारण्यात आलं. वय सत्तावीस.

११ जुलै २०२१ रोजी युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या रॅशफर्ड, सँचो आणि साका यांच्या पेनल्टी हुकल्या. त्यांच्या कातडीच्या रंगावरून घाणेरड्या शिव्या सुरू झाल्या. साका तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. मँचेस्टरमध्ये रॅशफर्डचं भिंतीवरचं चित्रही कुणीतरी विद्रूप केलं; पण तिथल्याच लोकांनी, लहान मुलांनीसुद्धा, चिठ्ठ्या आणि कागदी बदाम चिकटवून तो सगळा भाग झाकून टाकला. शिव्या देणारेही प्रेक्षक आणि चिठ्ठ्या लिहिणारेही प्रेक्षकच!

आपल्या मुलींचं काय? २०२२ च्या त्याच स्पर्धेत भुवनेश्वरला भारताच्या मुली अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ अशा हरल्या. कर्णधार अष्टम उरांव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली, मजुरी करणाऱ्या आईवडिलांची मुलगी. बोल लावायचाच तर आधी मोठ्यांकडे पाहा. स्पर्धा दोन महिन्यांवर आली असताना फिफाने भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं होतं. ऑगस्टअखेर ते उठलं, म्हणून स्पर्धा इथे झाली. मोठ्यांचे घोळ, आणि सोळा गोलांचं ओझं मात्र पोरींच्या खांद्यावर!

मुलींच्या बाबतीत धोका दुप्पट. मुलगा हरला तर "पुढच्या वेळी जिंकशील" म्हणतात, मुलगी हरली तर "पुरे झालं आता, अभ्यासाला बस." एका पराभवात तिचं मैदानच सुटतं.

आपल्या हातात काय आहे?

१. हरून आलेल्या मुलाला किंवा मुलीला दारातच "किती गोल खाल्ले?" विचारू नका. आधी पाणी, हातपाय धुणं, पोटभर जेवण.

२. "कुणामुळे हरलात?" असं विचारण्याऐवजी "चेंडू तिथवर आलाच कसा?" असं विचारा. मग एकाचं नाव न येता सगळा खेळ डोळ्यांपुढे येतो.

३. घरातली मोठी माणसं टीव्हीपुढे खेळाडूंना शिव्या देत असतील तर हसून का होईना, टोका. मुलं शब्द तिथेच उचलतात.

४. चूक झाली असेल तर ती लपवूही नका. दोन दिवसांनी, मन शांत झाल्यावर, प्रशिक्षकांशी बोलायला सांगा.

आणि ती गुझमान? तिला घरी बसवलं नाही. दहाच महिन्यांत, ऑगस्ट २०२३ मध्ये, ती कोलंबियाच्या मोठ्या बायकांच्या संघातून विश्वचषक खेळत होती. मेलबर्नला जमैकाविरुद्ध तिने लांबून दिलेल्या चेंडूवर कातालिना उस्मेने सामन्यातला एकमेव गोल केला, आणि कोलंबियाच्या बायका पहिल्यांदाच उपांत्यपूर्व फेरीत पोचल्या. नेरूळच्या त्या संध्याकाळनंतर कुणीतरी तिला पुन्हा बूट घालू दिले, म्हणूनच हे घडलं.